शंका-समाधान : संगणकाच्या पेटीतले विश्व

मागील अंकात आम्ही एक चित्र छापले होते : काळ्या पार्श्वभूमीवर जांभळ्या तंतूंचे जाळे आणि तंतू जिथे एकत्र येतात तिथे पिवळसर, उजळ गाठी. जर्मनीत २००५ साली पूर्ण झालेल्या ‘मिलेनियम’ या संगणकीय प्रतिरूपणातले, म्हणजे विश्वाची घडण संगणकावर हिशोबाने चालवून पाहण्याच्या प्रयोगातले, ते चित्र होते. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. त्यांतल्या सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत, याबद्दल पत्रलेखकांनी राग मानू नये.

प्रश्न : ते चित्र दुर्बिणीतून घेतलेले छायाचित्र आहे की चित्रकाराची कल्पना? आणि अख्खे विश्व संगणकात मावते कसे? (एक निवृत्त गणित शिक्षिका, सांगली)

आपण गणित शिकवले आहे, म्हणून सरळच सांगतो. ते एका फार मोठ्या उदाहरणाचे उत्तर आहे, फक्त आकड्यांऐवजी रंगांत लिहिलेले. जिथे द्रव्याची दाटी जास्त तिथे उजळ रंग, जिथे विरळ तिथे काळा, एवढाच त्या रंगांचा अर्थ. जांभळा आणि पिवळा ही निवड संगणकापुढे बसलेल्या माणसांची आहे. अवकाशात तसे रंग कुठेही नाहीत.

अख्खे विश्व मात्र मावत नाही, आणि तसा कोणाचा दावाही नाही. विश्वाचा एक घनाकृती तुकडा कल्पिला जातो. मिलेनियममध्ये त्या घनाची एक बाजू आजच्या मापाने सुमारे २२३ कोटी प्रकाशवर्षे होती. त्याच्या भिंतींचे काय करायचे, ही अडचण एका युक्तीने सोडवतात : उजव्या भिंतीतून बाहेर पडलेला कण डाव्या भिंतीतून आत येतो, वरून गेलेला खालून येतो. त्यामुळे पेटीला कडा अशी उरतच नाही. या पेटीत सुमारे १० अब्ज कण ठेवले होते. ‘कण’ या शब्दाने फसू नये, कारण त्यातला प्रत्येक कण सुमारे १ अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाचा होता. आपली आकाशगंगा, तिच्याभोवतीच्या अदृश्य द्रव्यासह, त्या हिशोबात जेमतेम हजारभर कणांची होते. चित्रातल्या एखाद्या अंधुक ठिपक्यात आपण सूर्य शोधू लागलो, तर भारताच्या नकाशावर आपल्या घराचा उंबरठा शोधण्यासारखे होईल.

सुरुवात मनाला येईल तशी करता येत नाही. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी विश्वातला प्रकाश मोकळा झाला, आणि तोच आज सूक्ष्मलहरींच्या रूपाने सर्व दिशांनी येतो. १९९२ साली कोबे उपग्रहाच्या निरीक्षणांतून असे दिसले की या प्रारणाचे तापमान सर्वत्र जवळजवळ सारखे आहे, पण अगदी सारखे नाही. साधारण एक लाखात एक भाग एवढा चढउतार आहे. त्या चढउताराची आकडेवारी, म्हणजे किती लांबीची लहर किती उंचीची असावी, ही माहिती घेऊन कण आपापल्या जागेवरून किंचित सरकवले जातात आणि विश्व एखाद्या कोटी वर्षांचे असल्यापासून हिशोब सुरू होतो. यानंतर संगणक तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा करतो : प्रत्येक कणावर इतरांचे गुरुत्वाकर्षण किती ते काढणे, त्यानुसार वेग बदलणे आणि कण थोडा पुढे सरकवणे. पेटी विश्वाबरोबर प्रसरण पावते, हेही हिशोबात धरलेले असते. मिलेनियममध्ये अशी सुमारे ११,००० पावले टाकली गेली. गार्खिंग येथील माक्स प्लांक संस्थेच्या संगणन केंद्रातील ५१२ प्रोसेसर त्यासाठी २८ दिवस चालू होते.

आता जाळे का, गोळे का नाहीत? याचे उत्तर संगणकाच्या आधीच कागदावर मिळाले होते. १९७० साली रशियन शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्दोविच यांनी दाखवले की, द्रव्याची कोणतीही दाटी पूर्ण गोल नसल्यामुळे ती सर्व बाजूंनी एकदम आक्रसत नाही. ज्या दिशेने आक्रसणे सर्वांत वेगाने होते, तिथून ती आधी चेपली जाते आणि धिरड्यासारखी पसरट चकती तयार होते. मग ती चकती दुसऱ्या दिशेने आक्रसून तंतू होतो आणि तंतूतले द्रव्य वाहत जाऊन जिथे अनेक तंतू भेटतात तिथे गाठ बनते. दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समुदायांचे, मोठे समूह या गाठींमध्ये असतात. मधल्या पोकळ्यांतले द्रव्य हळूहळू कडेला निघून जाते, त्यामुळे त्या अधिकाधिक रित्या होत जातात.

प्रश्न : प्रत्येक कणाचा प्रत्येक कणाशी हिशोब करायचा, तर १० अब्ज कणांना २८ दिवस कसे पुरले? माझा गुणाकार जुळत नाही. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक)

आपला गुणाकार बरोबर आहे. १० कणांच्या जोड्या ४५ होतात आणि १० अब्ज कणांच्या जोड्या ५ वर १९ शून्ये एवढ्या. सेकंदाला १० अब्ज जोड्या सोडवणारे यंत्र घेतले, तरी एका पावलाला सुमारे १५८ वर्षे लागतील. ११,००० पावलांचा हिशोब आपणच करावा.

थोडे मागे जाऊ, कारण या विषयाचा पहिला प्रयोग संगणकाशिवाय झाला आणि तो मला फार आवडतो. १९४१ साली स्वीडनमधील लुंड येथे एरिक होल्मबर्ग यांना दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या तर काय होते ते पाहायचे होते. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि गुरुत्वाकर्षणही तसेच घटते, एवढ्या एका साम्यावर त्यांनी प्रयोग उभा केला. प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७ असे ७४ विजेचे दिवे त्यांनी मांडले. एक दिवा उचलायचा, त्याच्या जागी प्रकाशविद्युत घट ठेवायचा, निरनिराळ्या दिशांनी किती प्रकाश येतो ते गॅल्व्हानोमीटरवर वाचायचे आणि त्यावरून त्या दिव्यावरचे ओढबळ काढायचे. सर्व दिव्यांचे असे मापन झाले की प्रत्येक दिवा ठरलेल्या अंतराने सरकवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जोड्यांची बेरीज तिथे प्रकाश स्वतःच करून देत होता. एवढ्या कष्टाने त्यांना दिसले की जवळून जाताना दीर्घिकांचे आकार ओढले जाऊन सर्पिल फाटे फुटतात, आणि त्यांच्या गतीतली ऊर्जा खर्च झाल्याने त्या एकमेकींना पकडूही शकतात.

संगणक आल्यावर प्रथम जोड्या मोजण्याचाच मार्ग होता. १९७० साली जेम्स पीबल्स यांनी दीर्घिकांच्या कोमा समूहाच्या जडणघडणीचे प्रतिरूपण केवळ ३०० कणांनी केले. पुढची वाट मोकळी झाली ती हिशोब टाळण्याच्या कलेमुळे. नागपूरच्या टपाल कार्यालयात मुंबईची पत्रे गल्लीवार लावत बसत नाहीत. ती एका थैलीत जातात, आणि गल्ली-घर पाहण्याचे काम मुंबईत होते. १९८६ साली जॉश बार्न्स आणि पीट हट यांनी हेच गुरुत्वाकर्षणाला लावले : दूरच्या लाखो कणांची एक थैली समजून तिचे एकत्रित ओढबळ एकदाच घ्यायचे, जवळच्या कणांचे मात्र एकेक पाहायचे. पेटीचे आठ भाग, प्रत्येकाचे पुन्हा आठ, असे झाडाच्या फांद्यांसारखे विभाजन होत असल्याने या पद्धतीला ‘ट्री’ हेच नाव पडले. प्रत्येक कणामागे १० अब्जांऐवजी हजारएक हिशोब धरले, तर आपल्या त्याच कल्पित यंत्रावर एका पावलाला १५८ वर्षांऐवजी सुमारे १७ मिनिटे लागतील.

फार दूरच्या बलांसाठी आणखी एक जुनी रीत आहे. कणांचे वस्तुमान चौकटींच्या जाळीवर वाटून द्यायचे आणि फूरिये रूपांतर या गणिती रीतीने सर्व जाळीचे बल एका झटक्यात काढायचे. जवळ ‘ट्री’ आणि दूर जाळी, या दोहोंची सांगड घालणारी ‘ट्रीपीएम’ पद्धत मांडणाऱ्यांत जसजीत सिंग बागला हे नाव महत्त्वाचे आहे. त्यांची पीएच.डी. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत थानू पद्मनाभन यांच्या मार्गदर्शनाखाली झाली, आणि या पद्धतीवरचा त्यांचा निबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. मिलेनियमसाठी फोल्कर श्प्रिंगेल यांनी वापरलेली ‘गॅजेट’ आज्ञावली याच प्रकारच्या सांगडीवर चालत होती.

प्रश्न : कृष्णद्रव्य काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही, मग ते संगणकात घालतात कसे? न घालता चालणार नाही का? (एक वाचक, पणजी)

घालायला त्याची ओळख पटलेली असावी लागत नाही, वागणूक ठाऊक असली की पुरते. ते गुरुत्वाकर्षणाने ओढते व ओढले जाते, प्रकाशाशी संबंध ठेवत नाही आणि एकमेकांवर आपटून तापत नाही, एवढे गृहीत धरले की संगणकाचे काम भागते. किंबहुना तेच सर्वांत सोपे द्रव्य आहे.

न घालता मात्र चालत नाही, आणि त्याचे कारण दोन ओळींच्या हिशोबात आहे. प्रकाश मोकळा होण्याआधी साधे द्रव्य प्रकाशाच्या दाबाने जखडलेले होते, त्यामुळे त्याची दाटी वाढू शकत नव्हती. तेव्हाचा चढउतार एक लाखात एक. तेव्हापासून आजपर्यंत विश्व सुमारे ११०० पट फुगले, आणि आरंभीच्या काळात दाटी साधारण त्याच पटीने वाढते. म्हणजे आज चढउतार जेमतेम शंभरात एक झाला असता. एका टक्क्याच्या दाटीतून ना दीर्घिका बनते, ना तारा. प्रकाशाने न जखडलेले कृष्णद्रव्य मात्र आधीपासून गोळा होत होते, आणि साधा वायू मोकळा झाल्यावर त्याने खणून ठेवलेल्या खड्ड्यांत जाऊन पडला. प्लांक उपग्रहाच्या मोजणीनुसार विश्वाच्या आजच्या ऊर्जेत साधे द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के आणि उरलेली कृष्ण ऊर्जा आहे.

प्रतिरूपणाने एक उमेदवार बादही केला आहे. १९८० च्या सुमारास मॉस्कोतील एका प्रयोगातून न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणाला बऱ्यापैकी वस्तुमान असल्याचे जाहीर झाले होते, आणि तोच कृष्णद्रव्य असेल अशी आशा निर्माण झाली. पण न्यूट्रिनो आरंभी इतक्या वेगाने धावतात की लहान दाट्या पुसल्या जातात. आधी महाप्रचंड चकत्या तयार होतात आणि दीर्घिका फार उशिरा. सायमन व्हाइट, कार्लोस फ्रेंक आणि मार्क डेव्हिस यांनी १९८३ साली असे विश्व संगणकावर चालवून पाहिले, तेव्हा ते खऱ्या आकाशाशी जुळेना. दोन वर्षांनी जॉर्ज एफस्टाथिऊ यांच्यासह त्यांनी मंद गतीच्या, म्हणजे ‘शीत’ कृष्णद्रव्याचे प्रतिरूपण ३२,७६८ कणांनी केले आणि ते बरेच जवळ आले. मॉस्कोचा तो निष्कर्ष नंतरच्या प्रयोगांत टिकला नाही, पण संगणकाने आपला कौल त्याआधीच दिला होता.

प्रश्न : महास्फोट गृहीत धरायचा, कृष्णद्रव्य गृहीत धरायचे आणि मग ‘पाहा, विश्व तयार झाले’ म्हणायचे, हे गृहीतकच सिद्ध करणे नव्हे का? (एक वाचक, डोंबिवली)

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे अर्धे उत्तर ‘नाही’ व अर्धे ‘काही अंशी हो’ असे आहे.

‘नाही’ हा भाग गुरुत्वाकर्षणाचा. आत घातलेल्या गोष्टी आणि बाहेर आलेल्या गोष्टी वेगळ्या ठेवून पाहाव्या लागतात. आत घातला तो लाखात एकचा चढउतार, घटकांचे प्रमाण आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम. तंतू, पोकळ्या, दीर्घिका किती अंतरावर किती दाटीने असाव्यात याचे गणित, यांपैकी काहीही आत घातलेले नसते. १९८६ साली हार्वर्डच्या खगोलशास्त्रज्ञांनी, मार्गारेट गेलर त्यांत होत्या, आकाशाच्या एका पट्टीतल्या सुमारे ११०० दीर्घिकांची अंतरे नकाशावर मांडली, तेव्हा पोकळ्यांच्या कडेने बसलेल्या दीर्घिका आणि मधोमध हातपाय पसरलेल्या माणसासारखी आकृती दिसली. पुढे मोठ्या सर्वेक्षणांतून लाखो दीर्घिकांचे नकाशे झाले आणि त्यांचे जाळे संगणकातल्या जाळ्याशी आकडेवारीने जुळते. चित्रे डोळ्यांना सारखी दिसतात हा पुरावा नव्हे. जुळणी आकड्यांत तपासली जाते.

‘काही अंशी हो’ हा भाग दीर्घिकांचा. कृष्णद्रव्याला फक्त ओढता येते, पण वायूला दाब असतो, तो तापतो, निवतो, फिरत फिरत चकती बनवतो, त्यातून तारे जन्मतात, अतिनवतारे फुटतात, मध्यभागी कृष्णविवर वाढते आणि ते वायूला बाहेर फेकते. यातली बहुतेक कामे ज्या अंतरावर घडतात, ते अंतर पेटीतल्या सर्वांत लहान चौकटीपेक्षा कितीतरी लहान असते. २०१८ च्या सुमारास आलेल्या ‘इलस्ट्रिस-टीएनजी’ मालिकेतल्या मधल्या पेटीत वायूचा एक घटक सुमारे १४ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचा आहे. त्यात एकेक तारा दाखवणे अशक्य, म्हणून ‘इतक्या दाटीच्या वायूतून इतक्या काळात इतके तारे व्हावेत आणि इतकी ऊर्जा परत मिळावी’ अशी कृती लिहून द्यावी लागते. त्या कृतीतले मीठ-तिखट, स्पष्टच बोलायचे तर, आकाशाची चव पाहून ठरवलेले असते. ऊर्जा परत दिली नाही, तर वायू भराभर निवून प्रमाणाबाहेर तारे बनतात. ती कोणत्या प्रकारे द्यायची याबद्दल गट-गटांत मतभेद आहेत.

याचे चांगले उदाहरण २०१४ च्या मूळ ‘इलस्ट्रिस’चे आहे. सुमारे ३५ कोटी प्रकाशवर्षे बाजूच्या त्या पेटीत सर्पिल आणि लंबगोल अशा दोन्ही दीर्घिकांचे मिश्रण इतके हुबेहूब आले की ती चित्रे जगभर छापली गेली. पण मोठ्या कृष्णविवरांची ऊर्जा ज्या रीतीने दिली होती, ती इतकी जोरकस ठरली की दीर्घिकांच्या समूहांतला वायू वाजवीपेक्षा जास्त बाहेर उडून गेला. हा दोष करणाऱ्यांनी स्वतः सांगितला आणि टीएनजीमध्ये ती कृती बदलली. २०१५ च्या ‘ईगल’ प्रकल्पाने तर आधीच जाहीर केले की दीर्घिकांची संख्या आणि त्यांचे आकार यांच्याशी आम्ही आमची कृती जुळवून घेतली आहे. तेव्हा ‘ईगल’मध्ये दीर्घिकांची संख्या बरोबर येते, हे कौतुक नव्हे. न जुळवलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ दीर्घिकांचे रंग, किती जुळल्या हे पाहावे. असे लेख वाचताना मी नेहमी आधी हेच शोधतो.

महास्फोटाच्या गृहीतकाबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ साली, महास्फोटाने आरंभ न मानणारा, अर्ध-स्थिर विश्वाचा पर्यायी सिद्धांत मांडला होता. त्या विश्वात दीर्घिकांची रचना कशी होईल यासाठीही नारळीकर, हॉइल आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली एक प्राथमिक संगणकीय प्रारूप प्रसिद्ध केले. त्या सिद्धांताला आज पाठिंबा थोडा आहे, पण प्रतिरूपण हे हत्यार एकाच पक्षाच्या हाती नसते, हे त्यावरून दिसते.

प्रश्न : पुण्यातील शास्त्रज्ञांनी शोधलेला ‘सरस्वती’ महासमूह संगणकातल्या विश्वात सापडतो का? (एक वाचक, कोथरूड)

२०१७ साली आयुका, पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था आणि इतर संस्थांतील संशोधकांनी ‘स्लोन’ या आकाश-सर्वेक्षणाच्या नोंदींतून हा महासमूह, म्हणजे दीर्घिकांच्या समूहांचा समूह, शोधला. तो मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचा पसारा सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षांचा, त्यात दीर्घिकांचे निदान ४३ मोठे समूह, आणि वस्तुमान सूर्याच्या २ वर १६ शून्ये एवढ्या पट.

नेमका हाच, त्याच जागी, कुठेही सापडणार नाही. सर्वसाधारण पेटीत आरंभीचे चढउतार आकडेवारीने योग्य असले, तरी कोणता चढ कुठे हे पत्ते पिसल्यासारखे ठरवलेले असते, त्यामुळे आपली आकाशगंगाही तिथे नसते, तिच्यासारख्या असतात. सरस्वतीसारख्या रचनेपुढे अडचण पेटीच्या मापाची येते. इलस्ट्रिसची ३५ कोटींची पेटी सरस्वतीच्या निम्मीच, आणि मिलेनियमच्या २२३ कोटींच्या पेटीत एवढ्या दुर्मीळ वस्तू फार थोड्या मिळणार. दुर्मीळ गोष्टींची गणती करायला पेटी मोठी हवी. २०२३ साली डरहॅमच्या महासंगणकावर झालेल्या ‘फ्लेमिंगो’ मालिकेत सर्वांत मोठ्या पेटीची बाजू सुमारे ९०० कोटी प्रकाशवर्षे आणि कण सुमारे ३०० अब्ज आहेत. ‘एवढे मोठे किती असायला हवेत’ हे अशाच पेट्यांत मोजावे.

प्रश्न : हे घरच्या संगणकावर करता येईल का? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, लातूर)

अवश्य. ‘गॅजेट’ आज्ञावली विनामूल्य मिळते आणि टीएनजीची माहितीही नाव नोंदवून सर्वांना पाहता येते. पण माझा सल्ला असा की आधी स्वतः छोटी आज्ञावली लिहावी. १९८५ चे ते ३२,७६८ कण आजच्या लॅपटॉपला जड नाहीत. जोड्या ५० कोटींच्या वर होतात, म्हणून पायथॉनमध्ये साधे लूप लिहू नयेत, सी किंवा फोरट्रान घ्यावी. सुरुवात हजार कणांनी करावी.

दोन कण फार जवळ आले की अंतराचा वर्ग जवळजवळ शून्य होतो, बल अफाट वाढते आणि कण गोफणीतून सुटल्यासारखे पेटीबाहेर जातात. मी पहिल्यांदा हे करून पाहिले तेव्हा माझा अर्धा समूह असाच उडाला होता आणि मी दोन दिवस चूक चिन्हात शोधत होतो. यासाठी बलाच्या सूत्रात अंतराच्या वर्गात एक लहान स्थिर संख्या मिळवतात, म्हणजे अगदी जवळ आल्यावर बल मऊ होते. मिलेनियममध्येही तसेच केले होते. मग एकूण ऊर्जेचा आलेख काढावा, आणि कालाचे पाऊल निम्मे करून तीच धाव पुन्हा करावी. दोन्ही वेळचे आलेख एकमेकांवर बसले, तरच कणांची संख्या वाढवावी.